माहेर निघालं मिरजेला

नाशिकहून निघताना मी घरी सांगितलं होतं, की मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर बघून येते, आणि वाटेत उंब्रजच्या वरच्या डोंगरात माझ्या मामेबहिणीकडे, शोभाकडे, दोन दिवस राहते. तंबोरे बघायचे राहिले. त्याऐवजी मी एक अख्खं माहेर गाडीत घालून मिरजेला पोचवलं.

शोभा त्या डोंगरातल्या एका वाडीच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. हायवे सोडून दोन तास वळणं घेत मी वर पोचले, तर बाईसाहेब पर्स खांद्याला लावून दारात उभ्या.

"चहा नंतर. आधी एका घरी जायचंय. तू नुसती बस, बोलू नकोस," ती म्हणाली.

मला असं सांगणं म्हणजे पोपटाला मौनव्रत देणं. पण गेले.

घर कलाबाईंचं. त्यांची लेक पल्लवी भिंतीला टेकून बसली होती. नववा महिना, पावलं सुजून टम्म. तिचं सासर मिरजेत, नवरा मिलिटरीत, लांब सीमेवर. सासरच्या घरापासून मोठा दवाखाना चार मिनिटांवर, पहिल्या महिन्यापासूनचे कागदही तिथलेच. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. म्हणून दवाखान्यांच्या गावातून पोरीला उचलून या डोंगरावर आणलं होतं, जिथं फोनची रेंज मिळवायला गोठ्याच्या कौलांवर चढावं लागतं.

शोभानं रक्तदाब मोजला. पट्टा सोडून परत मोजला. सकाळीच ती मिरजेच्या डॉक्टरीणबाईंशी बोलली होती. त्यांचा निरोप एकच होता, आज आणा.

"पयलं बाळातपण म्हायेरातच," कलाबाई म्हणाल्या. "लेक माघारी धाडली तर विहीण काय म्हनंल? आईला दोन म्हयनं जेवू घालवंना?"

"काकू, खाली उतरायला दोन तास. वाटंत फिट आली तर?"

"माजी चार बाळातपणं ह्याच घरात झाली."

"चार झाली. राहिली किती?" शोभानं हळूच विचारलं.

कलाबाईंनी चुलीतलं लाकूड उगीच मागं-पुढं केलं. "तीन," त्या म्हणाल्या.

 

मग शोभा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "लेक माघारी धाडायचीच न्हाई, काकू. म्हायेर म्हंजे काय वं? आई, आईची चूल, आईच्या हातचं. ते समदं गाडीत मावतंय. मिरजेत दवाखान्यामागं माझ्या मैत्रिणीची खोली रिकामी हाय. किल्ली माझ्याकडं हाय."

आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. आठवडाभर ती मला "एस्टीनं नको, गाडीच घेऊन ये" असं का बजावत होती, ते तेव्हा उलगडलं. अॅम्ब्युलन्स मिळाली असती. पण अॅम्ब्युलन्समध्ये बाज (सुंभानं विणलेली बाळंतिणीची खाट) मावत नाही, आणि बाजेशिवाय कलाबाई हलणार नव्हत्या.

बाज टपावर चढली, पाय आभाळाकडं करून. डिकीत नाचणीचं पीठ, डिंक, अळीव, काटवट (भाकरी थापायची लाकडी परात). शोभानं एकेक बोचकं उघडून तपासलं आणि तिसऱ्या बोचक्यातून मातीची शेगडी बाहेर काढली. धुरी द्यायची, म्हणजे बंद खोलीत ओव्याचा धूर करायची तयारी.

"म्हायेरात शेगडी नको व्हय?"

"म्हायेराला चालंल, बाळाच्या नाकाला चालायचं न्हाई."

शेगडी वाडीतच राहिली. पल्लवीला मागच्या सीटवर डाव्या कुशीवर निजवून शोभा तिच्या पायाशी बसली. उंब्रजला टपरीवर चहाला थांबलो, तर चहावाला टपाकडं बघून म्हणाला, "घर बदलताय जनू?"

"न्हाई. लेक म्हायेरी चाललीय," कलाबाई खिडकीतून म्हणाल्या.

त्यानं आई पाहिली, लेक पाहिली. "आन् म्हायेर कुटं हाय?"

"टपावर."

त्यानं चहात साखर घातली की नाही, हे त्याचं त्यालाही आठवलं नसावं. आम्हाला बिनसाखरेचाच मिळाला.

मिरजेत आधी दवाखाना. डॉक्टरीणबाई सगळ्यांना सारख्याच रागावल्या, मलासुद्धा. तपासण्या, गोळ्या, दिवसातून दोनदा येऊन दाखवायचं. "डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तर विचार करत बसायचं नाही," असं त्यांनी कलाबाईंकडून तीनदा म्हणून घेतलं.

खोलीपाशी कलाबाई एकट्या आत गेल्या. चूल मांडता येईना, म्हणून गॅसलाच हळदकुंकू वाहिलं आणि दारात येऊन लेकीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. "ये बाय, म्हायेरी ये." समोरच्या गच्चीवर पल्लवीच्याच सासरची चादर वाळत होती. पोरगी हसून हसून दाराला धरून उभी राहिली.

शोभा दुसऱ्या दिवशी एस्टीनं वाडीला परतली. मी गाडीसह ओलीस राहिले. त्याच सकाळी पल्लवीच्या सासूबाई खपली गव्हाची खीर घेऊन आल्या.

"आवं विहीणबाई, माजंच घर चार दारं सोडून हाय, आन् मी हितं पाव्हणी?"

"तर वं. बसा. च्या घेतल्याबिगर आमच्यातनं कुनी जात न्हाई."

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना पल्लवीनं घास खाली ठेवला. "आये, डोळ्यांम्होरं चमचम करतंय."

"ऊन लागलं आसंल. पडू द्या जरा, कांदा लावू कपाळाला," सासूबाई म्हणाल्या.

तोवर कलाबाईंनी लेकीच्या काखेत हात घालून तिला उठवलं होतं. "ताई, गाडी," एवढंच त्या म्हणाल्या. चार मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो आणि अर्ध्या तासात पल्लवी ऑपरेशनला. बाहेरच्या बाकावर दोन्ही विहिणी शेजारी बसल्या. कलाबाईंच्या बोटांवर पीठ वाळलं होतं. सासूबाईंनी आपल्या पदरानं, पाणी लावून, ते एकेक बोट पुसून काढलं.

मुलगी झाली. मूठभर, पण आवाज खणखणीत. पल्लवीचा रक्तदाब उतरायला आणखी दोन दिवस लागले, आणि मग ती आईवर चिडायला लागली, तेव्हा आम्ही निर्धास्त झालो.

सुट्टी मिळाली त्या दिवशी सासूबाईंनी दारातूनच विचारलं, "आता घरी न्यावं म्हंते. चार तर दारं."

"सव्वा म्हयन्यानं या," कलाबाई म्हणाल्या. "रीतीनं या. वटी भरून लेक पाठवीन."

"व्हय," म्हणून सासूबाई चप्पल काढून आत आल्या आणि पाहुणीसारख्या नीट बसल्या.

परतताना मी पुन्हा वाडीवर चढले. शोभा तिच्या नोंदवहीत पल्लवीच्या नावापुढं लिहीत होती: "आई व बाळ सुखरूप."

"एवढंच?" मी म्हणाले. "इतका खटाटोप केलास. बाजेचं लिही, टपावरच्या माहेराचं लिही."

"रकाना एवढाच असतो," ती म्हणाली, आणि पान उलटलं.

बाकीचं म्हणून मी लिहिलं.