पाण्याखालचं घर

अकोले गावात माझं लग्नपत्रिका छापायचं छोटं दुकान होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथं कॉम्प्युटर आला आणि दर बाजाराच्या दिवशी एक म्हातारेबाबा येऊन बसू लागले. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

माउसला हात लावण्याआधी ते तळवा धोतराला पुसत, मग कोंबडीचं पिल्लू धरावं तसा तो अलगद धरत. धरणात गेलेल्या आपल्या घराचं चित्र काढत. ओटा, दारातलं उंबराचं झाड. सगळं मनासारखं जमलं की वरून निळं पाणी ओतत आणि घर पुसून जाई. पडद्याचा निळा उजेड त्यांच्या पांढऱ्या मिशांवर पडे. पुढच्या बाजाराला पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, पाणी कशाला ओतता?"

"पानी हाय, तर दावाया नको व्हय?"

कॉम्प्युटरसोबत आलेल्या चित्रं काढायच्या त्या प्रोग्रॅमचा शेवटी मलाच राग आला. पुण्याहून दुसरा, चांगला आणून टाकला. त्यात चित्राचे थर वेगळे ठेवता येत. घर खाली, पाणी वर. बटण दाबलं की पाणी नाहीसं.

बाबांनी पाणी काढलं. बराच वेळ घराकडे बघत राहिले. मग स्वतःच पाणी परत आणलं.

"आता छापा."

"अहो, नुसता निळा कागद येईल."

"येऊ द्या. खाली घर हाय न्हवं आता."

तो निळा कागद त्यांनी दोन्ही तळहातांवर आडवा धरला आणि जराही हिंदकळू न देता परतीच्या जीपकडे निघाले.