कोनाड्यामागचं शिसं

शहापुरात सीटी स्कॅनचं मशीन येणार असं कानावर आलं, तेव्हा त्याची खोली मीच बांधणार हे मला पक्कं माहीत होतं. फक्त ज्यांच्या दवाखान्यात ते येणार होतं, त्या डॉक्टरांना माहीत नव्हतं. त्यांनी ठाण्याचा एक कंत्राटदार बघून ठेवला होता. ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. तोवर शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत मी पुष्कळ बांधकामं केली होती. सुरुवात मात्र मुरबाडला एका गवंड्याच्या हाताखाली डोक्यावरून विटा वाहण्यापासून झाली होती, आणि ते मी कधी लपवलं नाही. डॉक्टरांनी तेच धरलं. म्हणाले, ही साधी खोली नाही, किरणांची आहे, तिला शिकलेला माणूस लागतो.

मी सातवीपर्यंत शिकलेलो. माझं डोकं फिरलं. दवाखान्यासमोरच्या चहाच्या दुकानात, ऐकायला भरपूर माणसं असताना, मी त्यांना सांगितलं, "खोली तपासणीत नापास झाली तर माझ्या खर्चानं पाडीन आणि माझ्याच खर्चानं परत बांधीन. हे तुमचा ठाणेवाला म्हणतो का, विचारा."

ठाणेवाला असं म्हणेना. काम मला मिळालं. दोन दिवसांत माझा शब्द नदीपलीकडच्या सापगावपर्यंत पोचला, आणि भेटेल तो माणूस हसत विचारू लागला, कधी पाडताय?

डॉक्टरांनी मंजूर झालेला नकाशा आणि नियमांचे कागद हातात दिले. मी ते दुकानदाराची यादी वाचावी तसे वाचले, म्हणजे प्रत्येक ओळीवर किती कमी होईल ते बघत. विटांची भिंत नऊ इंच. मी म्हटलं, सात करू. दाराला आतून शिशाचा पत्रा. मी म्हटलं, दार जाड सागवानी करतो, शिसं कशाला? मशीन चालवणाऱ्यानं शेजारच्या खोलीत बसून शिशाच्या काचेतून बघायचं. मी म्हटलं, चांगली जाड काच कल्याणला मिळते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "किरणांशी घासाघीस चालत नाही हो."

हे वाक्य मला लागलं, पण पटलंही. माणूस दिसतो, त्याच्या डोळ्यांत बघून भाव पाडता येतो. जे दिसत नाही त्याचा भाव कसा पाडणार? मग मी उलटाच पेटलो. नियम नऊ इंचांचा ना, मग नऊ इंचांत केसाएवढी फट राहायला नको. विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, एरवी गवंडी वरवर भरतात, त्या मी समोर उभं राहून पोटापर्यंत भरून घेतल्या. परांचीच्या बांबूंसाठी भिंतीत भोकं ठेवतात आणि शेवटी विटेचा तुकडा कोंबून वरून गिलावा मारतात. ती भोकं मी स्वतः काँक्रीट ठासून बंद केली. माझा म्हातारा गवंडी वैतागून म्हणाला, "शेट, खोली बांधताव का धरण?"

शिशाचा पत्रा आणायला मुंबईला गेलो. तिथल्या व्यापाऱ्याशी दीड तास भांडलो. भाव ठरल्यावर, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे, वर काय देणार ते विचारलं. आम्ही मिरची घेतली तरी वर कोथिंबीर मागतो. तो म्हणाला, शिशावर काय देणार? तिथेच बाजूला त्याच जाडीचा, एक कोपरा वाकलेला तुकडा पडला होता, अडीच फूट लांब, दोन-सव्वादोन फूट रुंद. तो मी उचलला, त्याच्याकडे बघत बघत जीपमध्ये टाकला आणि नमस्कार केला. त्यानंही हात जोडले, पुन्हा येऊ नका अशा अर्थानं.

त्या तुकड्याचं मला काही काम नव्हतं. शेणव्याला माझा मेव्हणा आहे. त्याला भातशेतीपेक्षा मासे धरण्याची हौस जास्त. पागाच्या, म्हणजे पाण्यात फेकायच्या जाळ्याला कडेनं शिशाचे मणी लागतात, तेवढ्यासाठी तो माझ्यामागे होता. तुकडा त्याला देऊन टाकला.

भिंत छातीएवढी आली तेव्हा डॉक्टर बघायला आले. त्यांच्या स्वतःच्या केबिनच्या आणि मशीनच्या खोलीच्या मधली ती भिंत. तिच्यावर हात ठेवून म्हणाले, मशीनच्या बाजूनं इथे एक कोनाडा ठेवा, गणपती बसवू, एवढी महागडी वस्तू आहे. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. देवाच्या जागेशिवाय खोली आमच्याकडे कोण बांधतं? गवंड्यानं दीड फूट उंच, फूटभर रुंद असा सुबक कोनाडा काढला, वर कमान दिली. गंमत बघा, ज्या माणसानं दर्जांत बोट घालघालून फटी शोधल्या, त्याच माणसानं नऊ इंची भिंत त्या जागी साडेचार इंच करून टाकली आणि वर कमान छान झाली म्हणून गवंड्याची पाठ थोपटली.

मशीन आलं. बसलं. दारावर तांबडा दिवा लागला. गरोदर बायकांनी आधी सांगावं अशी मराठीत पाटी लागली. मशीनवर काम करणाऱ्यांच्या छातीला, किरण किती लागले ते कळण्यासाठी, बिल्ले आले. मग एका सकाळी किरणांच्या मोजणीचे साहेब आले. बारीक, हळू बोलणारे, बरोबर डब्याएवढं एक यंत्र. तपासणीला मशीनमध्ये माणसाऐवजी पाण्यानं भरलेलं प्लास्टिकचं भांडं ठेवायचं होतं. मला राहवेना. म्हटलं, साहेब, भांडं कशाला, मी झोपतो की, फोटोपण निघेल. ते म्हणाले, "गरजेशिवाय एकाही माणसाला किरण द्यायचे नाहीत, हा पहिला नियम. तुम्हाला झालंय काय?" काही झालेलं नव्हतं. माझा नंबर गेला, भांड्याचा लागला.

मशीन आत घुमायला लागलं आणि साहेब बाहेरून भिंतीला धरून चालू लागले. मी त्यांच्या मागे, माझ्या मागे डॉक्टर, त्यांच्या मागे अर्धा दवाखाना, अशी आमची वरात निघाली. दार गप्प. काच गप्प. मागची भिंत गप्प. साहेब गच्चीवरही जाऊन आले, तिथेही गप्प. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मी मनातल्या मनात सापगावच्या एकेका हसणाऱ्याला उत्तर देत होतो.

मग आम्ही डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरलो. साहेबांनी यंत्र भिंतीवरून फिरवत आणलं, आणि डॉक्टरांच्या खुर्चीच्या मागे, बरोबर डोक्याच्या उंचीला, ते फोडणीत मोहरी तडतडावी तसं तडतडलं.

साहेबांनी परत फिरवलं. परत तडतडलं. मशीन बंद करवून ते आत गेले. कोनाड्यात गणपती बसला होता, पुढे जास्वंद. साहेबांनी नकाशा उलगडला.

"नकाशात हा कोनाडा नाही. कोणी ठेवला?"

डॉक्टर एक क्षणही थांबले नाहीत. "यांनी. यांच्या गावाकडची पद्धत असते."

हे मी आजपर्यंत विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. माझ्या कानशिलात ढोल वाजायला लागले. म्हटलं, "डॉक्टर, गणपतीसमोर उभे आहात. हात कोणी ठेवला होता भिंतीवर?" ते खाली बघून चष्मा पुसू लागले. साहेबांनी भांडणात रस घेतला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की केबिनमधल्या त्या खुर्चीवर कोण बसतं. मी म्हटलं, "हेच बसतात, रोज, दिवसभर." डॉक्टरांचं चष्मा पुसणं थांबलं.

साहेबांचा हिशेब सरळ होता. म्हणाले, भिंत पाडून नऊ इंचांची करा, मी पुन्हा येईन, केव्हा ते सांगता येत नाही. नाहीतर कोनाड्याच्या मागून, केबिनच्या बाजूनं, शिशाचा पत्रा लावा. पण तो कोनाड्यापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं तरी मोठा हवा, आणि जाडी दाराच्या पत्र्याएवढी. मी चार वाजेपर्यंत इथेच आहे, कागद तपासतो.

तेव्हा बारा वाजले होते. मुंबईहून पत्रा येणं शक्यच नव्हतं. आणि मला तो वाकलेला कोपरा आठवला.

शेणव्याला मेव्हण्याच्या घराजवळच्या दुकानात फोन लावला, कोणी उचलेना. जीप काढली. सापगावच्या पुलावरून गेलो तेव्हा कुणीतरी हात दाखवून ओरडलं, काय, पाडायला निघालाव का? मी हॉर्न दाबूनच धरला. इतका घाबरलेला असूनही मला हसू येत होतं. जन्मभर मी लोकांकडून भाव खाली उतरवून घेतले, आणि आता मीच फुकट दिलेल्या वस्तूच्या मागे धावत होतो.

मेव्हणा अंगणात चुलीपुढे बसला होता. चुलीवर लोखंडी पळी, पळीत चकचकीत रस. वाटलं, गेला पत्रा. पण नीट बघितलं तर पत्रा बाजूला भिंतीला टेकून उभा होता. कडेची एक पट्टी तेवढी कापून त्यानं वितळवली होती.

मी पत्र्याला हात घातला. त्यानं पाय ठेवला.

"थांबा भावजी. देल्यालं परत न्यायाचा, तं वर काय देनार?"

मी म्हटलं, नवीन शिसं आणून देतो, याच्या दुप्पट. तो पळी हलवत राहिला. म्हणाला, "शिसा नको आमाला. आमची बहीन गौरीला आठ दिस हितं ऱ्हाईल. तुमी दोन दिसांतच न्यायला येताव दर साली. आठ दिस. बोला."

खरं होतं ते. दरवर्षी बायको म्हणायची आणि दरवर्षी मी आठाचे चार, चाराचे दोन करायचो. आता तो निवांत बसला होता आणि मी घड्याळाकडे बघत होतो. सौदा करताना असं कधी करू नये, हे मीच लोकांना शिकवतो. आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्या मागणीला हो म्हणालो. त्यालाच इतकं नवल वाटलं, की पत्रा जीपमध्ये चढवताना त्यानं विचारलं, "घरी समदी बरी हायेत ना?"

अडीचला परत पोचलो. पत्रा ठोकून सपाट केला, केबिनच्या बाजूनं भिंतीला धरला. साहेबांनी टेप लावला. वर-खाली भरपूर. डावीकडे चार बोटं. उजवीकडे, जिथून मेव्हण्यानं पट्टी कापली होती, तिथे बरोबर चार. त्यानं जाळ्याला अजून दोन मणी केले असते तर मी भिंत पाडत बसलो असतो. गवंड्यानं वर प्लायवूड बसवलं. आत पाण्याचं भांडं पुन्हा झोपलं, मशीन घुमलं, साहेबांनी यंत्र प्लायवूडवरून फिरवलं. एकदा. दोनदा. अगदी कडेकडेनं. मोहरी गप्प.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "आता इथे बसायला हरकत नाही." मला त्यांना उचलून घ्यावंसं वाटलं. त्याऐवजी मी गवंड्याला उचललं, आणि तो ओरडला की म्हाताऱ्या माणसाला टाका खाली.

उद्घाटनाला शाल-श्रीफळ झालं. मलाही मिळालं, नाही म्हणत नाही. पण डॉक्टर भाषणात बोलले ते असं, की बांधकामात राहिलेली एक चूक वेळीच दुरुस्त झाली. कोणाची चूक, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मुरबाडमध्ये आजही एकदोन जण मला विचारतात, कोनाडा कसा आहे?

कोनाडा झकास आहे. गणपतीच्या पाठीशी शिसं आहे. बायको त्या वर्षी गौरीला आठ दिवस राहिली आणि तेव्हापासून दरवर्षी आठच राहते, तो भाव काही परत खाली आला नाही.

डॉक्टरांनी मात्र दुसऱ्याच दिवशी आपली खुर्ची उचलून समोरच्या भिंतीला नेली. साहेबांनी मोजून दिलेल्या, माझ्या भिंतीला पाठ लावायची त्यांची हिंमत होईना. म्हणून मी दवाखान्यात गेलो की एक स्टूल ओढतो, प्लायवूडला डोकं टेकून बरोबर त्या जागी बसतो, आणि चहा मागवतो. मशीन पलीकडे घुमत असतं. डॉक्टर माझ्याकडे बघत नाहीत. मी दोन कप पितो.