लाल लोकर आणि गाडीचं शेपूट

माझी लाल लोकर कापली त्या दिवशी मी यांच्याशी तीन तास बोलले नाही. आमच्या घरात तीन तास म्हणजे फार झाले. माझी बडबड कानावर पडल्याशिवाय यांचा हातच चालत नाही.

आमचे हे दुकानांच्या पाट्या करतात. पूर्वी ब्रशने रंगवायचे, आता आतून पोकळ अशा प्लास्टिकच्या पत्र्यावर अक्षरं चिकटवतात. तो पत्रा हलका, कात्रीने कापता येतो, वाकवला तसा वाकतो. चुकलेल्या पाट्यांचा ढीग जिन्याखाली साठलेला असतो, आणि मी तो फेकायचं नाव काढलं की यांचं ठरलेलं उत्तर: "राहू दे, लागेल कधीतरी." लागला तो गाडीला.

झालं असं की माझी आई माझ्या दादाकडे राहते, इथून दीडशे किलोमीटरवर. वय चौऱ्याऐंशी. तब्येत खणखणीत, फक्त माणसं विसरते. पंधरा दिवसांत गेले तर "आलीस का चिमे?" म्हणते. महिन्याने गेले तर नीट पदर सावरून बसते आणि विचारते, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" पोटच्या पोरीला. त्या दिवशी परत येताना मी अख्खा रस्ता खिडकीबाहेर तोंड करून रडले आणि यांनी अख्खा रस्ता रेडिओ लावला नाही.

आता घोडं अडलं होतं पेट्रोलवर. आमच्या घरात महिन्याला एक टाकी, त्यापुढे गाडी उभी. त्यात यांच्या पाट्या पोहोचवायच्या आणि आईकडे एक खेप. दुसरी खेप शंभरेक किलोमीटरने हुकायची. लोक म्हणतात, टाका की पाच-सात लिटर जास्त. सल्ला द्यायला कुणाचं काय जातं? बस दोनदा बदलावी लागते, आणि माझे गुडघे ते ऐकत नाहीत.

पुढच्या आठवड्यात हे गाडीखाली आडवे झाले. गाडीच्या पोटाखाली नळ्या, खाचा, सांगाडे असतात, त्यांत वारा अडकतो आणि गाडीला मागे ओढतो, असं यांनी कुठेतरी वाचलं होतं. मग पोटाला सपाट पत्रा लावला. मागची चाकं झाकली. एका चाकावर दातांच्या डॉक्टरांची चुकलेली पाटी होती, त्यामुळे एका बाजूने आमची गाडी दात काढून हसत जायची. गल्लीने यांना 'वारेवाले' नाव ठेवलं. मला भाजी घेताना लोक विचारायचे, "काय, उडाली का गाडी?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

आणि मग ती लोकर. आईसाठी स्वेटर विणत होते मी, रंग तिनेच निवडलेला, लाल. एका सकाळी बघते तर एक अख्खा गुंडा गायब आणि गाडीभर बोटाएवढे लाल धागे चिकटवलेले. टपावर, दारांवर, डिकीवर. जणू गाडीला गोवर आला होता.

"अहो, हे काय?"

"वारा दिसत नाही ना," हे म्हणाले. "धागा दिसतो. धागा सरळ पडला की वारा सरळ जातोय. नाचला की तिथे गडबड."

यावर ते तीन तास.

चौथ्या तासाला मात्र मी शेजारच्या मेकॅनिकच्या मोटरसायकलवर मागे बसले होते, कारण गाडी हे चालवणार, मोटरसायकल तो चालवणार, मग धागे बघणार कोण? रिकामा रस्ता, साठचा वेग, यांची गाडी शेजारून. आणि खरं सांगते, मला वारा दिसला. बॉनेटवरचे धागे विंचरल्यासारखे मागे पडलेले. टपावरचे तसेच. पण मागच्या काचेचा उतार संपला की खाली डिकीवर नुसता धिंगाणा. धागे गोल फिरत होते, काही तर उलटे पुढे येत होते. मी मेकॅनिकच्या पाठीवर थापा मारत ओरडत होते, "मागे घ्या, मागे घ्या, परत बघू दे!" तो बिचारा म्हणाला, "काकू, मला पाडाल." अंगावर काटा आला होता माझ्या. चाळीस वर्षं गाड्यांतून फिरले, पण गाडीमागे एवढं चाललेलं असतं हे कुणाला माहीत?

घरी आल्यावर हे कागदावर रेघा मारत बसले. मी म्हटलं, "त्यात काय एवढं? बाही विणताना खांद्याकडून मनगटाकडे एकेक टाका कमी करत आणतो. एकदम घटवले तर तिथे झोळ येतो. तुमची गाडी मागे एकदम संपते, म्हणून वारा झोळ खातो. हळूहळू निमुळती करा."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "पुन्हा सांग," म्हणाले. लग्नाला सदतीस वर्षं झाली, 'पुन्हा सांग' पहिल्यांदा ऐकलं.

मग मी टाके मोजून सांगायचं आणि यांनी पत्रा कापायचा. डिकीच्या मागे हातभर निमुळतं शेपूट तयार झालं. दिवे आणि नंबर उघडे ठेवले. पुन्हा धागे, पुन्हा मोटरसायकल. धागे गप्प. सगळे सरळ. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभं राहून वेड्यासारखे हसत होतो आणि मेकॅनिक घड्याळ बघत होता.

एक तारखेला टाकी भरली. पाच तारखेला पहिली खेप. आईने मला ओळखायला निघायची वेळ आणली. विसाव्या दिवशी दुसरी. काटा निम्म्याच्या थोडा वर, पाट्या पोहोचवून झालेल्या, माझ्या मांडीवर स्वेटर. दोन्ही बाह्या झालेल्या, दुसरी फक्त जोडायची बाकी. शंभर किलोमीटर झाले आणि मागून फडफड ऐकू आली. शेपटाचा खालचा चिकटवलेला जोड सुटला होता. चिकटपट्टी घरी टेबलावर.

"काढून ठेवतो," हे म्हणाले. "पण मग परत येताना पुरेल का, सांगता येत नाही."

मी पत्र्याच्या कडेकडे पाहिलं. पोकळ नळ्या, ओळीने भोकं. हातात सुई होतीच. मांडीवरची दुसरी बाही उचलली आणि टोक धरून ओढली. दहा दिवसांचं विणकाम दोन मिनिटांत उसवलं. हे "अगं, अगं" करत होते. मी म्हटलं, "तुम्ही पत्रा घट्ट धरा." लोकर चौपदरी केली आणि शेपूट शिवलं, एक टाका सोडून दुसरा उलटा, गच्च. एवढी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

आई अंगणात खुर्चीवर बसली होती. मी गाडीतून उतरले. तिने गाडीकडे पाहिलं, दात काढणाऱ्या चाकाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या स्वेटरकडे. पदर सावरला नाही.

"चिमे, एकच बाही?"

हेच पुढे आले. "आई, दुसरी गाडीला लागली."

ती उठली, हळूहळू मागे गेली, शिवण बोटाने चाचपली. "टाके बरे आहेत," म्हणाली. "आता माझी परत विण. कधी आणशील?"

हा प्रश्न ती दर वेळी विचारायची आणि मी "लवकरच" म्हणत चपला घालायचे. मी यांच्याकडे वळून बघितलं. हे गाडीत डोकं घालून काटा बघत होते. बाहेर येऊन त्यांनी मान डोलावली.

"पंधरा दिवसांनी," मी म्हणाले. खरं बोलत होते, म्हणून आवाज जरा मोठाच निघाला.

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "ऐकू येतं मला."