सारवणाचा शनिवार

ओल्या सारवणाचा वास आला की मला नेसरीजवळची आमची मातीच्या जमिनीची शाळा आठवते. दर शनिवारी सकाळी आम्ही मुली शेणाच्या बादल्या घेऊन वर्ग सारवायचो आणि तोवर मुलं बाहेर चिंचेखाली गणितं शिकायची. मग परीक्षेत अपूर्णांक आले की आमचं अडायचं, आणि पोरींच्या डोक्यात गणित शिरत नाही, असं गावभर बोललं जायचं. एका वर्षी गडहिंग्लजहून नवे हेडमास्तर बदलून आले. पहिल्याच शनिवारी त्यांनी धोतर वर खोचलं आणि माझ्या हातातली बादली घेतली. "गुर्जी, ते पोरींचं काम हाय की!" मुलं ओरडली. "मला येत नाही, म्हणून शिकतोय," ते म्हणाले. त्यांनी शेणात इतकं पाणी ओतलं की ओघळ पार दारापर्यंत गेला. मी हसू दाबत म्हणाले, "पाणी लई झालं, गुर्जी. आन् हात असा अर्धा गोल फिरवायचा." त्यांनी निमूट तसा फिरवला आणि मुलांना सांगितलं, "पुढचा शनिवार तुमचा. तेव्हा या मुली माझ्याकडे गणित करतील." तेव्हापासून शनिवार आळीपाळीने वाटले गेले. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेले गुरुजी पहिल्याच शनिवारी म्हणाले, "मुलींनो, बादल्या उचला." कोणीच हललं नाही. मग वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा बाह्या सरसावत उठला. "आज आमचा नंबर हाय, गुर्जी. त्यांचं गणित हाय." पुढे मी जन्मभर गणितच शिकवलं, आणि फळा पुसताना माझा हात नेहमी अर्धा गोल फिरायचा.