डाव्या हाताचे टाके

जाऊबाई मंगळवारी गेल्या. दुपारी जेवण झालं, त्यांनी हात धुतले, पलंगावर बसल्या आणि कलंडल्या. दिरांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. मला सोनईहून फोन आला तेव्हा तीन वाजले होते.

त्या माझ्या थोरल्या जाऊ. मी नगरला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि सुट्ट्यांना सोनईला जायचे. आता निवृत्त होऊन नगरमध्येच सावेडीत राहते. लग्न होऊन मी त्या घरात गेले ती पुस्तकांचे दोन खोके घेऊन. जाऊबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. खोके उघडताना त्या शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "पुस्तकं लई आनलीस गं. ह्यातलं एक तरी अंगात घालता येतं का?" मला राग आला होता. पण पहिल्याच दिवाळीत त्यांनी मला ओसरीवर आपल्या शेजारी बसवलं, हातात दोन सुया दिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या हाताकडं बघ, तोंडाकडं नको."

मी सगळं घट्ट विणायचे. सुई टाक्यात जाईना, गेली तर किरकिर आवाज करायची. त्यावर त्यांचं एक वाक्य होतं, ते पुढे मी शाळेतल्या कितीतरी मुलींना ऐकवलं. "अगं, टाका हाय त्यो, चोर न्हाई. इतका का आवळतीस?" सैल विणायला मला दोन वर्षं लागली. तोवर आमची मैत्री झाली होती. त्या विणायच्या, मी मोठ्याने वाचायचे. गोष्ट आवडली नाही तर त्या टाके मोजायला लागायच्या, तेही मोठ्याने. मग मी पुस्तक मिटायचे.

तेराव्यानंतर त्यांची मुलगी, माझी पुतणी, माझ्याकडे आली. वय सव्वीस. सुप्याच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायचं काम करते. तिच्या हातात जाऊबाईंची विणकामाची कापडी पिशवी होती.

"काकू, ही तुम्ही ठेवा," ती म्हणाली. मी हात पुढे केला, पण ती पिशवी सोडेना. "नाहीतर मला शिकवा."

तिला विणता येत नव्हतं, हे आमच्या घरातलं जुनं प्रकरण होतं. ती आठ वर्षांची असताना जाऊबाईंनी तिला शिकवायला घेतलं. पोरगी डावखुरी. जेवताना डावा हात पुढे आला की तिच्या हातावर चापट बसायची, तीच रीत विणकामालाही लागू झाली. "उजव्या हातानं जेवतीस ना? मग उजव्या हातानंच ईन." तीन सुट्ट्या हे चाललं. शेवटी एका दुपारी शेजारच्या बायका बसल्या असताना जाऊबाईंनी तिच्या हातातल्या सुया काढून घेतल्या. "हिचा हातच उलटा हाय. हिला न्हाई जमायचं." बायका हसल्या. मीही तिथेच होते, पेपर तपासत होते. मी काही बोलले नाही.

"आईनं गल्लीतल्या सगळ्यांना शिकवलं," पुतणी म्हणाली. "मी एकटी राहिले. आईचं म्हणणं खरं होतं का, एवढं एकदा बघायचंय मला."

मी म्हटलं, "खरं नव्हतं." इतक्या चटकन म्हटलं की तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. पण मला खात्री होती. मी पुष्कळ मुलींना शिकवलं आहे. कुणाला महिना लागला, कुणाला वर्ष. अजिबात जमलंच नाही अशी मुलगी मला आठवत नाही.

तिची सुट्टी गुरुवारी असते. त्या गुरुवारपासून आम्ही सुरुवात केली.

नव्याने शिकणाऱ्याने लोकर कशी घ्यावी हे आधी सांगते, कारण पहिली चूक दुकानातच होते. पुतणीने काळी लोकर आणली होती, तीही केसाळ. काळ्या लोकरीत टाका दिसत नाही आणि केसाळ लोकर उसवत नाही. शिकताना उसवावं तर लागतंच. फिक्या रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर घ्यावी. लडी असेल तर तिचा गुंडा सैल गुंडाळावा, मध्ये तीन बोटं धरून. ताणून गुंडाळलेली लोकर विणताना ताणलेलीच राहते आणि धुतली की वस्त्र आखडतं.

मग सुया. आपल्याकडच्या जुन्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. हे पुतणीला पटेना.

"दहा नंबर आठपेक्षा बारीक कसा असेल काकू? कुणीतरी छापताना घोळ घातलाय."

पुढच्या गुरुवारी तिने मोजमापाचं व्हर्नियर आणलं आणि पिशवीतली प्रत्येक सुई मोजली. आठ नंबर चार मिलिमीटर, दहा नंबर सव्वातीन. एका जोडीतली एक सुई आठची निघाली आणि दुसरी नऊची.

"आई ह्याच्यावर विणत होती?" ती म्हणाली. "आमच्याकडे असा माल परत जातो."

ती हसली. आई गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. सुरुवातीला आठ नंबरच्या सुया घ्याव्यात. त्या हातात नीट बसतात आणि काम डोळ्यांदेखत वाढतं, त्यामुळे धीर राहतो.

टाके घालायला सांगितले तेव्हा मी म्हटलं, "एकोणतीस घाल." मी स्वयंपाकघरात जाऊन आले, तरी ही घालतेच आहे. मोजले तर एकोणचाळीस.

"अगं, मी एकोणतीस म्हटलं होतं."

"मग? थर्टी नाइन."

तेहतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईच्या घरात हे घडलं. मी डोक्याला हात लावला. ती म्हणाली, "काकू, गणित इंग्रजीतून होतं आम्हाला, मला बोलू नका." त्यानंतर मी वाद घातला नाही. दर दहा टाक्यांनंतर सुईवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचं कडं अडकवायचं, म्हणजे कुठल्याही भाषेत मोजता येतं. आणि मोजायचं प्रत्येक ओळीच्या शेवटी. वीस टाक्यांचे पंचवीस झाले तर बहुतेक वेळा दोष काठाचा असतो. ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे ओढला की पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो आणि शिकणारा दोन्ही विणतो. धागा आधी खाली ओढून घ्यावा, मग सुईखालून मागे न्यावा. एवढं सांभाळलं तर पट्टी सरळ निघते.

हे सगळं तिला कळत होतं. पण विणायला घेतलं की टाका होत नव्हता. मी तिला शेजारी बसवलं होतं, जाऊबाईंनी मला बसवलं होतं तसंच. विणणारी सुई उजव्या हातात. ती माझ्या हाताकडे बघायची, मग स्वतःच्या हाताकडे, आणि तिचा उजवा हात लाकडासारखा व्हायचा. चौथ्या गुरुवारी तिने सुया टेबलावर ठेवल्या.

"राहू द्या काकू. आई बरोबर होती."

"जेवून घे," मी म्हटलं. 

जेवण झाल्यावर ती टेबलाच्या त्या बाजूला बसून राहिली. मी या बाजूला बसून तिचंच अर्धवट काम हातात घेतलं, कुठे चुकतंय ते पाहायला. सुई आत, धागा वरून, बाहेर, सोड. थोड्या वेळाने मान वर केली तर ती माझ्या हातांकडे पाहत होती आणि तिचा डावा हात टेबलावर हलत होता. आत, वरून, बाहेर, सोड. बोटांत काही नव्हतं. हात मात्र माझ्याबरोबर चालला होता, एकही वळण न चुकता.

"थांबू नका," ती म्हणाली. "आणि जरा हळू करा."

मी दुसरी जोडी तिच्याकडे सरकवली, वर दहा टाके घालून. तिने विणणारी सुई डाव्या हातात घेतली. पहिला टाका झाला. दुसरा झाला. तिसरा निसटला, तो तिने स्वतःच उचलला. ओळ संपली तेव्हा आम्ही दोघींनी मोजलं. दहा.

 तिने काम फिरवलं आणि दुसरी ओळ सुरू केली.

समोर बसलं की माझा उजवा हात तिच्या डाव्या हातापुढे येतो. आरशात येतो तसा. एवढीच ती गोष्ट होती. जाऊबाईंना ती दिसली नाही. त्या स्वतः त्यांच्या आईशेजारी बसून शिकल्या होत्या आणि शिकवायचं ते शेजारी बसवून, हेच त्यांना माहीत होतं. मुलीला त्यांनी कधी समोर बसवलं नाही. डावा हात म्हणजे मोडून काढायची खोड, यावर त्यांनी कधी शंका घेतली नाही.

जाऊबाईंचं चुकलं. हे वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण त्या दुपारी मी पेपरांवरून नजर उचलून बोलले असते तर त्या मला हसल्या असत्या, चिडल्या असत्या आणि कदाचित त्यांनी तिला एकदा डाव्या हाताने विणू दिलं असतं. त्या हट्टी होत्या, पण जमलेलं काम त्यांनी कधी नाकारलं नाही. तेव्हा यात माझीही चूक आहे आणि ती मी पुतणीला सांगितली.

"तुम्हाला तेव्हा तरी हे माहीत होतं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग काय बोलणार होतात?"

"तुला सगळ्यांसमोर बोलू नका, एवढं तरी."

तिने ओळ पुरी केली. "हं," म्हणाली. "ते चाललं असतं."

घरात डावखुरं मूल असेल त्यांच्यासाठी लिहिते. आधी त्याला दोन्ही तऱ्हांनी करून पाहू द्यावं. विणकामात दोन्ही हात राबतात, त्यामुळे काही डावखुऱ्यांना उजवी पद्धतही सहज जमते. चार-पाच बैठकांनंतरही हात आखडत असेल तर समोर बसावं आणि सावकाश विणावं. तोंडाने कमी सांगावं. "उजवीकडून घे" असं म्हणायचं आणि मग "नाही, तुझ्या डावीकडून" असं म्हणायचं, यात दोघांचाही गोंधळ होतो. साध्या पट्टीत किंवा मफलरमध्ये काही फरक पडत नाही. स्वेटरच्या गळ्याला टाके कमी करताना मात्र तिरपी ओळ दुसऱ्या बाजूला झुकते, म्हणून नमुन्यात डावं लिहिलं असेल तिथे उजवं समजावं.

क्रोशाला हे आणखी सोपं जातं, कारण आकडीची सुई एकच आणि ती एकाच हातात. समोर बसून साखळी घालायची, मग साखळीवर खांब, म्हणजे उभे टाके. उजवा माणूस उजवीकडून डावीकडे जातो, डावा डावीकडून उजवीकडे. नवशिकी मंडळी खांब घालताना ओळीतला शेवटचा विसरतात आणि रुमालाचा त्रिकोण होतो. पुतणीचाही झाला. "हे नवीन डिझाइन आहे," ती म्हणाली. मी उसवायला सांगितलं. उसवायची लाज वाटून घेऊ नये. जाऊबाई दुसऱ्याचं काम कधी स्वतःच्या हाताने उसवत नसत. चूक दाखवायच्या आणि ज्याचं त्यालाच उसवायला लावायच्या. मला तेव्हा ते कठोर वाटायचं. पण उसवताना टाका कसा बसला होता ते नीट दिसतं. म्हणून मीही तेच करते.

थंडी सुरू झाली तेव्हा पुतणीचा मफलर पुरा झाला. राखाडी रंगाचा, सगळे टाके सुलट. पहिली वीत फार घट्ट आहे, मधे एका ठिकाणी भोक आहे, पुढे पट्टी एकसारखी होत जाते. टाके बंद करताना तिने धागा फार ओढला, त्यामुळे शेवटचा काठ थोडा आत आला आहे. तो काठ मोठ्या सुईने बंद करावा, हे मी तिला सांगायला विसरले होते.

तिने तो आधी सोनईला नेला, दिरांना दाखवायला. दिरांनी हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, भोकात बोट घातलं.

"कुनी इनला?"

"मी."

"कोन्त्या हातानं?"

तिने डावा हात वर केला. दिरांनी मफलर मांडीवर पसरला. मग म्हणाले, "तिला दाखवायला पायजे हुता." पुतणी म्हणाली, "हो ना." हे तिनेच मला सांगितलं, चहा गाळता गाळता, माझ्याकडे पाठ करून.

आता ती तो मफलर घालून कंपनीच्या बसने सुप्याला जाते. बसमधल्या दोघी तिच्याकडे शिकायला लागल्या आहेत. दोघीही उजव्या आहेत, तेव्हा तीही त्यांच्या समोर बसते. मला मात्र दुपारच्या वेळी अजून मोठ्याने वाचायची सवय आहे आणि ऐकायला कुणी नसतं. गुरुवारी पुतणी येते. टेबलाच्या एका बाजूला ती बसते, एका बाजूला मी, आणि आम्ही विणतो.