दोनदा गाळलेली लस

त्रिविक्रमला सरकारी लस केंद्रात नोकरी लागली तेव्हा त्याच्या आईनं, तुंगाबाईंनी, देवापुढं साखर ठेवली. इंटरला आपटलेल्या मुलाला त्या काळात, म्हणजे पंचावन्न-छप्पनच्या सुमारास, बंगळुरात याहून चांगलं काय मिळणार होतं? वडील नरसिंहराव चिकपेटेत साड्यांच्या दुकानात गादीवर बसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, "आमचा मुलगा प्रयोगशाळेत असतो."

प्रयोगशाळा म्हणजे काचेच्या नळ्या आणि पांढरा कोट, असं त्रिविक्रमलाही वाटलं होतं. पहिल्याच दिवशी त्याला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. तिथं मेंढ्या पडल्या होत्या. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाचं विष टोचून त्यांना ठेवलेलं असे. पाय लुळे, तोंडातून लाळेच्या तारा, खाली स्वतःचीच घाण. कल्लाप्पा नावाचा निपाणीकडचा माणूस त्यांना कापायचा, करवतीनं कवटी उघडायचा आणि मेंदू काढून एनॅमलच्या ताटात ठेवायचा. त्या मेंदूवरचा पडदा आणि रक्ताच्या गुठळ्या चिमट्यानं काढायच्या, मग मेंदू वाटायचा, कार्बोलिकच्या पाण्यात कालवायचा आणि फडक्यातून दोनदा गाळायचा. हे त्रिविक्रमचं काम. कुत्रा चावलेल्या माणसाला टोचायची लस तेव्हा अशीच तयार व्हायची.

पहिलं ताट समोर आलं ते अजून कोमट होतं. मांसाला ज्या घरात कधी शिवले नव्हते, तिथला हा मुलगा. तो धावत बाहेर गेला आणि भिंतीशी ओकला. परत आला, चिमटा उचलला, पुन्हा गेला.

कल्लाप्पा म्हणाला, "राव, होईल सवय."

सवय झाली नाही. ओकणं थांबलं, पण किळस तशीच राहिली. घरी फ्लॉवरची भाजी झाली की तो पानावरून उठायचा. आई इडलीचं पीठ ढवळायला लागली की तो तोंड फिरवून अंगणात जायचा. अंगाला कितीही साबण लावला तरी कार्बोलिकचा आणि त्याखालचा तो दुसरा, गोडसर वास जाईना. घरी त्यानं काही सांगितलं नाही. "औषधं करतो," एवढंच.

म्हणून शेडमध्ये तो काम कसं करायचा, तर मान वळवून, डोळे अर्धे मिटून. हाताला लागेल तेवढा पडदा काढायचा, उरेल तो उरला. गाळताना फडक्यावर जे साचायचं ते बघवत नसे, म्हणून एकदाच गाळून बादली पुढं सरकवायची.

एकदा कुणी मोठा अधिकारी पाहणीला आला. अत्तराचा रुमाल नाकावर धरून तो शेडच्या दाराबाहेरच थांबला आणि तिथूनच बोलला, "तुमचं काम म्हणजे मानवतेची सेवा आहे. ते आनंदानं करा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्रिविक्रमला त्या अत्तराचीसुद्धा शिसारी आली. आत एक मेंढी पाय झाडत होती.

"तुम्हाला वाटते का ही सेवा?" त्यानं नंतर कल्लाप्पाला विचारलं.

"मला भूक लागली एवढंच वाटतंय," कल्लाप्पा म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या ठकुबाईंना पिसाळलेलं कुत्रं चावलं. म्हातारी घरोघर फुलं द्यायची, एकटीच होती. रोज दवाखान्यात जाऊन पोटात सुई घ्यायची, आणि सोबत कुणी नाही. तुंगाबाई मुलाला म्हणाल्या, "तू औषधाच्या खात्यात आहेस ना? जा अक्कांबरोबर."

दवाखान्यात ओळीनं माणसं बसली होती. कंपाउंडरनं बाटली हलवली. आतलं पांढुरकं, गढूळ पाणी त्रिविक्रमनं लगेच ओळखलं. ठकुबाईंनी लुगडं जरा खाली सरकवलं. पोटावर आधीच्या सुयांच्या गाठी आल्या होत्या, लाल, सुजलेल्या. सुई आत गेली आणि मध्येच अडली. कंपाउंडरनं दाबून पाहिलं. ठकुबाई कळवळल्या. त्यानं सुई उपसून काढली, त्यातून फुंकर मारली आणि पुन्हा टोचली.

"अगाई! परत का रे?"

"सुई तुंबते, अक्का. लसच असली येते. कोण गाळतात, कसे गाळतात देव जाणे."

सुई बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाशी एक बारीक, तपकिरी धागा लोंबत होता. पडद्याचा तुकडा. त्रिविक्रम त्याच्याकडं बघत राहिला. दवाखान्याबाहेर येऊन तो गटारीशी वाकला, कितीतरी महिन्यांनी.

घरी आल्यावर त्यानं आईला सगळं सांगून टाकलं. तुंगाबाई उठून मागं सरल्या. "छी! मेंढीचं डोकं? आणि याच हातानं जेवतोस?" त्या दिवसापासून त्याचं पान त्यांनी बाहेरच्या पडवीत मांडलं. ते पुन्हा कधी आत आलं नाही. नरसिंहराव दुकानात पूर्वीसारखंच सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्रिविक्रम ताटावर वाकला आणि पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून बघितलं. त्या घड्यांमध्ये शिरलेला पडदा, रक्ताच्या काळ्या रेषा, त्यावरचा बुळबुळीत ओलसरपणा. आतापर्यंत न बघितलेलं सगळं बघितल्यामुळं किळस दुप्पट झाली. पण चिमटा थांबला नाही. दोनदा गाळलं. फडकं उजेडात धरून तपासलं, त्यावर काय काय राहिलंय ते.

ठकुबाई वाचल्या. पुन्हा फुलं द्यायला लागल्या. कुणाच्या गाळण्यामुळं त्या कळवळल्या हे त्यांना त्यानं सांगितलं नाही.

असं बरंच चाललं. मग एका वर्षी लसीची मागणी एकदम वाढली. शेडचे सुपरवायझर सुब्बाराव म्हणाले, "स्वल्प घाई करा. एकदा गाळलं तरी पुरे."

"नाही पुरत," त्रिविक्रम म्हणाला.

सुब्बाराव हसले. "तुला तर बघवतही नाही हे. तोंड किती वाकडं करतोस! तुला काय पडलंय?"

"घाणच आहे ती, सर. ती माणसाच्या पोटात टोचतात. निदान टोचताना अडू तरी नये."

"मला शिकवतोस?"

आठवड्याच्या आत त्याची बदली पुढच्या इमारतीत झाली, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायला. पंखा, खुर्ची, खिडकीबाहेर गुलमोहर. नरसिंहरावांना आता खोटं बोलावं लागणार नव्हतं, ते खूष झाले. त्रिविक्रम डिंकाचा ब्रश फिरवायचा आणि बाटली उजेडात धरायचा. आत तपकिरी धागे तरंगताना दिसायचे. त्यावर तो स्वच्छ चिठ्ठी चिकटवायचा. स्वतःचे कोरडे, वास न येणारे हात बघून त्याला आता जास्त मळमळायचं. वर्षभरानं त्यानं परत शेडमध्ये पाठवा म्हणून अर्ज केला. सुब्बारावांनी तो फाडला. तोवर दवाखान्यांतून तक्रारी यायला लागल्या होत्या, तशी सुब्बारावांचीच बदली झाली. नव्या साहेबांनी दुसरा अर्ज लगेच मंजूर केला. तिथं जायला दुसरं कुणी तयारच नव्हतं.

तो शेडमध्ये शिरला तेव्हा उन्हानं पत्रा तापला होता आणि वास अंगावर आला. कल्लाप्पा करवत धूत होता. तो आता थकला होता, कानशिलं पांढरी झाली होती.

"आलात होय परत? तिथं पंखा होता म्हणे."

"होता."

"मग? आवडायला लागलं काय हे?"

"छी!" त्रिविक्रम म्हणाला. "कुणाला आवडेल?"

कल्लाप्पानं ताट पुढं केलं. त्रिविक्रम दाराशी जाऊन एकदा थुंकला, परत आला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि ताटावर वाकला.