दादाचं पाऊण हाताचं इंजिन

दादा गेल्याची तार मला भोपाळच्या ऑफिसात मिळाली. चपराशाने ती टेबलावर ठेवली, “बहनजी, उज्जैन से है,” एवढंच म्हणाला आणि परत न जाता दारापाशी उभा राहिला. त्याच्या उभं राहण्यावरूनच मला कळलं. तार वाचून मी तिची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवायला गेले, तर बोटांना ती पितळेची वस्तू लागली. मोठ्या हरभऱ्याएवढी. दोन वर्षं ती माझ्या पर्समध्ये होती. ती दादाची होती आणि मी ती चोरली होती. गेलेल्या माणसावर लिहायचं तर त्याचे गुण सांगावेत अशी रीत आहे. पण माझा हा अपराध आधी सांगितल्याशिवाय मला दादाचा एकही गुण सांगता येणार नाही... म्हणून सुरुवात तिथूनच करते.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. उज्जैनच्या रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून लागला आणि पुढे चार्जमन, म्हणजे फिटरांवरचा मुख्य, झाला. फ्रीगंजच्या अलीकडे, स्टेशनजवळ, त्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या वर्षी मी त्या क्वार्टरमध्ये राहायला आले. मला एकोणीस पूर्ण झाली होती आणि नवरा विषमज्वराने गेला होता. सासरच्यांनी मला टांग्यात बसवून आणून सोडलं आणि चहासुद्धा न घेता ते गेले. दादाने माझं सामान आत घेतलं. वहिनीने एक कोपरा रिकामा करून दिला. त्या कोपऱ्यात मी सहा-सात महिने बसून होते असं म्हटलं तरी चालेल. वहिनी चांगली होती. पण घरात दुःखी माणूस असलं की बाकीच्यांना मोठ्याने हसायचीही चोरी होते, आणि ते मला दिसत होतं.

मग एका रविवारी दादा हमालाच्या डोक्यावर एक लाकडी खोकं घेऊन आला. शेडचे गोरे साहेब विलायतेला परत निघाले होते आणि सामान वाटून टाकत होते. कोणी त्यांची आरामखुर्ची घेतली, कोणी भिंतीवरचं घड्याळ. दादाने हे खोकं मागून घेतलं. साहेबांनी ते निवृत्तीनंतर करायला म्हणून मागवलं होतं आणि कधी उघडलंच नव्हतं. आत कागदाच्या कातरणात गुंडाळलेले ओबडधोबड लोखंडी-पितळी तुकडे, तांब्याचा पत्रा, निळ्या कागदावरची ड्रॉइंगं आणि इंग्रजी पुस्तिका होती. हे सगळं कानशीने घासून, जोडून, डाग देऊन त्याचं पाऊण हात लांबीचं वाफेचं इंजिन करायचं होतं. खेळणं नव्हे. खऱ्या इंजिनात जे असतं ते सगळं त्यात होतं, फक्त लहान. खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, वाफ धरली की ते रुळांवरून आपलं आपण चालणार.

“कुसुम, हे वाचून दाखव,” दादा म्हणाला. “इंग्रजी आपल्या बस की बात नाही.”

मी शाळेत तीन वर्षं इंग्रजी शिकले होते आणि त्यातलं बरंच विसरले होते. तसं मी सांगितलं. तो म्हणाला, “मला तर तेवढंही येत नाही. मग कोण वाचणार? तुझी वहिनी?” वहिनी पोळ्या लाटत होती, तिने लाटणं उगारून दाखवलं. त्या दिवशी त्या घरात मी पहिल्यांदा हसले.

दर रविवारी दुपारी जेवणं झाली की चटई अंथरायची आणि बसायचं, असा परिपाठ झाला. दादाने शेडमधून एक जुना शब्दकोश पैदा केला. मी एकेक वाक्य फोडून सांगायची, तो ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारायचा, “नक्की असंच लिहिलंय? परत बघ.” मग मी परत बघायची. पुष्कळदा माझंच चुकलेलं असायचं. पुस्तिकेच्या शेवटी सगळ्या भागांची यादी होती. शेडमध्ये यादीवर खूण केल्याशिवाय काम झालं असं धरत नाहीत, आणि दादाने तोच कायदा घरात लावला. मी नाव वाचायचं, त्याने भाग बसवायचा, आणि तो हलवून पाहिल्यावर “हो गया” म्हणाला की मी पेन्सिलने खूण करायची. त्याने त्या यादीला कधी हात लावला नाही. इंग्रजी कागद तुझा, लोखंड माझं, असं म्हणायचा.

दुसऱ्या वर्षी घोटाळा लक्षात आला. इंजिनाला दोन बाजूंना दोन सिलिंडर असतात, एक उजवा, एक डावा. आमच्या खोक्यात दोन्ही उजवेच निघाले. मी आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पत्र लिहिलं ते हे खोकं बनवणाऱ्या विलायतेतल्या कारखान्याला. चार वेळा खाडाखोड केली. उत्तर आलं, अगदी सभ्य, की चूक आमची आहे, पण भाग पाठवायला तुमच्या नव्या सरकारचा परवाना लागेल. तो परवाना काही मिळाला नाही. मग दादा जुन्या शहरातल्या मांगीलालजींकडे गेला. ते पितळेचे देव ओतायचे. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर माती लिंपायची, मेण वितळवून त्या जागी पितळ ओतायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. आठ दिवसांनी ते स्वतः फडक्यात गुंडाळून सिलिंडर घेऊन आले. काम इतकं सुबक होतं की दादाने ते आधी कपाळाला लावलं. मग इंजिनाला लावून पाहिलं... तो तिसरा उजवा होता.

“बाबूजी, जैसी दी वैसी बनाई,” मांगीलालजी दुखावून म्हणाले. “बाल बराबर फरक निकले तो कहना।”

फरक नव्हता हेच तर दुःख. आम्ही नमुना उजवा दिला होता आणि त्यांनी तो नेकीने उतरवला होता. डावा म्हणजे कसा हवा, हे त्यांना काही केल्या समजावता येईना. दादा हातवारे करून थकला. मला काय सुचलं कोण जाणे, मी उठले आणि वहिनीच्या फणीकरंड्याचा आरसा आणून त्या सिलिंडरसमोर उभा धरला. म्हटलं, “चाचाजी, हा जो आत दिसतोय न, हा बनवा.” मांगीलालजी बराच वेळ आरशात पाहत राहिले, मग म्हणाले, “लो, ये तो भगवान के दरसन जैसा हो गया।” आमच्याच ओट्यावर बसून, आरशात बघत बघत त्यांनी मेण कोरलं. निवताना पितळ आकसतं म्हणून तांदळाभर जास्त ठेवलं. मी आरसा धरून बसले होते. मी उजेडाकडे वळले तेव्हा त्यात माझा चेहरा आला. त्या आरशात मी घरी आल्यापासून पाहिलं नव्हतं... दादा माझ्याकडे बघत होता. आरसा थोडा वर धर, एवढंच म्हणाला.

मधली वर्षं भराभर गेली. ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्यभारत आला, शाळेच्या पाट्या बदलल्या. शब्दकोश उघडायची सवय लागली होती, म्हणून मी घरूनच मॅट्रिकला बसले. दादाने फॉर्म आणून दिला आणि म्हणाला, “पुस्तिकेतल्या चिमणीच्या डब्याच्या पानासारखा कठीण आहे का बघ.” पुढे ट्रेनिंग झालं, मुलींच्या शाळेत लागले. इंजिन मात्र सावकाश होत होतं. खूण न झालेले भाग थोडे उरले की दादा एखादा काढून परत घासायला घ्यायचा. मी म्हणायची, झाला होता की तो. तो म्हणायचा, घाई काय आहे?

मग मध्यभारतही गेला. नवं राज्य, भोपाळ राजधानी, आणि शिक्षण खात्याच्या कचेरीत माझी नेमणूक झाल्याचा हुकूम आला. मला वाटलं होतं, दादा म्हणेल नको जाऊ. निदान गप्प तरी बसेल. त्या आठवड्यात त्याचा हात असा काही चालला की नऊ वर्षं रेंगाळलेलं इंजिन रविवारी संपत आलं. फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह उरला. वाफ फार झाली की सोडून देणारी ती पितळी झडप. ती बसवली नाही तर बॉयलरला वर भोक राहतं आणि वाफ धरतच नाही. ती हातात घेऊन दादा म्हणाला, “चला. गाडी झाली. तुझं काम संपलं, कुसुम. आता जा खुशाल.”

मला ते फार लागलं. म्हणजे इंग्रजी वाचायला बाई हवी होती तोवर ठेवली, असंच माझ्या डोक्यात आलं. मी मुळातच तिरसट, आणि आश्रिताचं मन तर जरा जास्तच हुळहुळं असतं. तो हात धुवायला मोरीवर गेला तेवढ्यात मी ती झडप उचलली आणि पदराला बांधली. गाडी चाललीच नाही तर काम संपणार कसं, असा तो वेडा हिशेब होता. मग शोधाशोध झाली. दादा गुडघ्यांवर सगळी खोली फिरला. वहिनीने केर चाळणीने चाळला. आणि मी, सांगायला लाज वाटते, त्यांच्याबरोबर चटई झटकत होते. दुसऱ्या दिवशी दादाने यादी मागून घेतली, तिच्यात थोडा वेळ बघत बसला, मिटून कपाटात ठेवली. “राहू दे,” म्हणाला. “कुठे जात नाही ती.”

तशी दुसरी झडप शेडच्या लेथवर त्याने तासाभरात केली असती. त्याने केली नाही. भोपाळला त्याची पोस्टकार्डं यायची, वहिनीच्या हातची, आणि शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, गाडी तशीच आहे. दिवाळीला, उन्हाळ्यात मी घरी जायची, पर्समध्ये झडप घेऊनच. दर वेळी ठरवायची की आज देऊन टाकू. दादा समोर बसला की धीर व्हायचा नाही. तीन वेळा नेली आणि तीन वेळा परत आणली. चौथ्यांदा नेली ती तार आल्यावर.

दिवस झाले, पाहुणे पांगले, तेव्हा मी वहिनीसमोर ती झडप ठेवली आणि रडत सगळं सांगितलं. वहिनीने झडप उचलून पाहिली. मग उठून कपाटातून इंजिन आणलं. त्यावर धुळीचा कण नव्हता. बॉयलरवरच्या भोकात कापसाचा स्वच्छ बोळा होता. मी बोळा काढला, आटे जुळवून झडप बसवली. एका दमात बसली. हलवून पाहिली.

“हो गया?” वहिनी म्हणाली. “मग खूण कर. त्याशिवाय हे मानायचे नाहीत.”

तिने यादी आणून दिली. पानंच्या पानं माझ्या खुणांनी भरलेली होती. सेफ्टी व्हॉल्व्हच्या ओळीपुढे मात्र खुणेच्या जागी पेन्सिलीने काही लिहिलेलं होतं. वळणदार, सफाईदार इंग्रजीत लिहिलं होतं, कुसुमकडे आहे. ते अक्षर माझं नव्हतं. वहिनीला तर मराठीपलीकडे काही लिहिता येत नव्हतं.

“वहिनी, हे कोणी लिहिलं?”

“यांनीच, आणखी कोण? तू झडप घेतलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी.”

“पण दादाला इंग्रजी...”

“अगं, वीस वर्षं शेडमधले सगळे इंग्रजी कागद यांच्या हाताखालून जात होते. ती पुस्तिका तर खोकं आणलं त्याच रात्री वाचून मोकळे झाले होते. मला दटावलं होतं, चूप राहायचं, तिला सांगायचं नाही.”

दोन वर्षं मी चोरासारखी त्या घरात जात-येत होते, आणि त्याच्या यादीत ती झडप हरवलेली नव्हतीच. ती कुठे आहे हे त्याने नीट लिहून ठेवलं होतं, आणि मी घेऊन येईन म्हणून जागा झाकून ठेवली होती. मी त्याचं अक्षर पुसलं नाही. त्याच्या शेजारी थोडी जागा होती, तिथे खूण केली.